शेवटच्याने चिंध्या सोडवायच्या

शनि. ११ जाने.
सुरेशचा फोन. उद्या भोकरीचा डोंगर. वर्षातून एकदा आम्ही दोघं जातोच, कॉलेजपासून. वर ना किल्ला ना देऊळ, नुसतं रान, म्हणून गर्दी नाही. उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचं कात्रण आणलं पिशवीभर. कटिंग मास्टर असण्याचा एवढाच फायदा. उद्या ५ ला पोरीला बघायला पाहुणे. सुरेशला सांगितलंय लवकर उतरायचं म्हणून. ऐकेल तर शपथ.

रवि. १२
चढताना नेहमीसारखी वळणावळणावर वाटेच्या खुणेला निळी चिंधी बांधली. आमचा नियम: उतरताना शेवटच्याने सगळ्या सोडवून आणायच्या, रानात कचरा नको. शेवटचा कायम मीच. सुरेश पुढे पळतो.
आज माथ्यावर बसला तो बसलाच. "थांब ना अर्धा तास. घाई काय तुला?" मी भडकलो. "तुला पोरगी असती तर कळलं असतं!" बोलून गेलो. सुरेश-वैशालीवहिनींना मूलबाळ नाही. मी एकटाच उतरलो.
खाली वाडीत गाडीच्या चावीसाठी खिशात हात घातला. खिसा चिंध्यांनी गच्च. डोकं भांडत होतं, हात सवयीने चालले होते.
फोन लागेना. तीन वाजत आलेले. म्हटलं, वाट त्याच्या पायाखालची आहे. घरी आलो. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. सातला वैशालीवहिनींचा फोन, "हे अजून आले नाहीत." म्हटलं, येईल हो, रमला असेल.

सोम. १३
सापडला. जिवंत. चुकीच्या घळीत उतरला, पडला, मांडीचं हाड मोडलं. रात्रभर तिथेच. सकाळी वाडीतल्या काळूदादाने ओरडणं ऐकलं, चौघांनी झोळी करून खाली आणला.
वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर होतात ना?"

बुध. १५
ऑपरेशन झालं. सुरेश बोलतो. "एकपण चिंधी दिसली नाय रे. वाडीतल्या पोरांनी काढल्या, साल्यांनी."
मी "हं" म्हटलं.
का म्हटलं? जीभ झडली होती का माझी?

शुक्र. १७
सुरेशचा मेहुणा वाडीवर जाऊन शिव्या घालून आला. दुपारी काळूदादा बघायला आला, त्याला दारातूनच हाकलला. बाहेर काळूदादा मला म्हणाला, "आमची पोरा कशाला काढतील वो? आमीच खांद्यावरशी आनला ना त्याला?" मी त्याला टपरीवर चहा पाजला. चहा! लिहायला लाज वाटते.
डॉक्टर म्हणाले, पाय थोडा आखूड राहील. डोंगर विसरा.
घरी बायको डोंगरावरची ती पँट धुवायला घेत होती. हातातून हिसकावली. "काय झालंय काय तुम्हाला?" काही नाही म्हटलं. पाचव्या दिवशीही काही नाही.

रवि. १९
सकाळी विहारात गेलो. पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, आवाजच निघेना. बाजूच्या आजी बघायला लागल्या. घरी येऊन चिंध्या पिशवीत भरल्या, गाठ मारली, हॉस्पिटल गाठलं.
सुरेशने पहिलं काय विचारावं? "पोरीचं जमलं का रे?"
जमलं म्हटलं. हसला. "च्यायला, आता वरातीत नाचू कसा मी?" त्या दिवशी माथ्यावर काय बोललो ते त्याने काढलंच नाही. मग गोळीने झोप लागली त्याला.
वहिनी म्हणाल्या, "काय आणलंत भावजी?" पिशवी त्यांच्या हातात दिली. त्या गाठ सोडायला लागल्या तसा पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो. भेकड मेला मी.
जिन्यावर बसून हे लिहितोय. बाटली रिकामीच आहे.
वरून हाक आली. "भावजी!" एकदाच. आवाजावरून काही कळत नाही. उठतो.