वहीतलं तिसरं पान

कर्जत,
८ नोव्हेंबर २०२५

चि. तस्लीम हिला अनेक दुआ व आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आपली नाझिया माथेरानच्या हॉटेलात काउंटरवर बसली, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. स्वयंपाकघरात नाही, धुलाईत नाही, काउंटरवर. तीन महिने काम बघून मग कायम करणार म्हणतेस. करतील. तिचं इंग्रजी तिच्या खालाने, म्हणजे मी, घडवलेलं आहे.

तुझ्या नवऱ्याने पुन्हा निरोप धाडला की आपांना मोबाइल घेऊन देतो. मोहियुद्दीनला सांग, त्याने गॅरेज सांभाळावं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. परक्यांची बाळंतपणं, मयती, भांडणं सगळी माझ्या कानातून गेली. आता कान माझे आहेत. ज्याला काही सांगायचं असेल त्याने पोस्टाचं तिकीट लावावं.

नाझियाला मी एक वही लिहून दिली आहे, ती तुला दाखवली असेलच. इंग्रजीत अधिकार कुठे बसतो ठाऊक आहे? ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या लगेच मागे ‘ओन्ली’ उभा करावा, पहारेकऱ्यासारखा. ‘यू मे ओन्ली स्पीक फॉर थ्री मिनिट्स.’ एवढ्या वाक्यावर मी भलेभले पुढारी गप्प केले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर वर्गात ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ म्हणाल्या की मागच्या बाकावरच्या मुलींनाही कंठ फुटायचा. हल्ली लोक ‘ओन्ली’ कुठेही फेकतात. आमचा प्लंबर साईनाथ परवा म्हणाला, आंटी, आय विल कम टुमॉरो ओन्ली. अजून येतोय. आणि ते दुसरं, ‘यू कॅन जस्ट साइन हिअर’! हा ‘जस्ट’ मला कॉलर नसलेल्या सदऱ्यासारखा वाटतो. वहीत मी तो येऊ दिलेला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एक्स्चेंजचा नियम आहे: कामावर असताना नातं ओळखायचं नाही. माझ्या अब्बांचा कॉलसुद्धा मी तीन मिनिटांनी तोडला होता. महिनाअखेरीस मी स्वतः वर जाऊन पोरगी कशी बोलते ते बघणार आहे. तिला कळवू नकोस.

माझ्या बोलण्याला हसा, पण लोभ कमी करू नका.

तुझी,
नसीबाआपा

---

चौक,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आपांस तस्लीमचा सलाम, वि. वि.

आपा, हे पत्र वाचून रागावू नका, आणि रागावलात तरी वर जाऊ नका.

नाझिया रविवारी घरी आली होती. नीट जेवलीसुद्धा नाही. हॉटेलात एक तक्रारवही असते म्हणे, येणारे-जाणारे त्यात लिहितात. तिच्या नावावर तीन तक्रारी पडल्या आहेत. तिघांचं म्हणणं एकच, मुलगी तोडून बोलते. मॅनेजर हरेश माणूस वाईट नाही, पण त्याने साफ सांगितलं की महिना संपायच्या आत चौथी तक्रार आली तर तिला घरी पाठवावं लागेल. तिचे अब्बा म्हणतात, मग गॅरेजात येऊन बस. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला इंग्रजी येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या दोघींना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा पैसे एकीपुरतेच होते. पण तिने मला वहीतली वाक्यं वाचून दाखवली. अर्थ कळला नाही, तरी प्रत्येक वाक्याला कुणीतरी दार लावून घेतंय असं वाटलं.

वर भिवाजी नावाचा एक म्हातारा घोडेवाला आहे. त्याने तिला समजावलं म्हणे, “आदी जे हाय ते सांगायचं गं पोरी. नाय ते मागनं.” ती तसं बोलून बघते आहे. चार दिवस झाले, सगळं बरं चाललं आहे. म्हणून म्हणते, महिनाअखेरीस जाऊ नका. तुम्ही समोर दिसलात की ती घाबरून पुन्हा वहीतलं बोलेल. तुमच्याकडे फोन असता तर हे सगळं एका मिनिटात सांगून झालं असतं.

सांभाळून राहा. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमची,
तस्लीम

---

कर्जत,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. तस्लीम हिला दुआ.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी परवा, एकोणीस तारखेला, वर जाऊन आले. महिनाअखेरीस म्हटलं होतं खरं, पण सांदणं केली, छान फुगली, आणि राहवलं नाही.

चौथी तक्रार पडली आहे. ती मी लिहिली.

आता सगळं सांगते, मधे उसासे टाकू नकोस. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेले. पुढे घोडेवाले मागे लागले. घोड्यावर बसायला मी काय नवरदेव आहे, असं म्हणून चालत निघाले. गुडघ्याने अर्ध्या वाटेतच माझा निषेध केला. साडेनऊला हॉटेलात पोचले तेव्हा लाल मातीने साडी घोट्यापर्यंत माखली होती. मला पाहून नाझियाचा चेहरा पांढरा पडला. पण पोरीने नियम पाळला. ओळख दाखवली नाही. ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “यू मे ओन्ली चेक इन आफ्टर ट्वेल्व, मॅडम.”

एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला अभिमान वाटायला हवा होता. तस्लीम, मला रडू आलं. बाथरूमला जायचं होतं, पाय ठणकत होता, आणि समोरून माझ्याच आवाजात मला कुणीतरी बाहेर काढत होतं. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. तिथे माकडाने सांदणांचा डबा नेला. झाकण तेवढं परत टाकलं.

शेजारच्या टेबलावर ती वही होती. मला वाटलं, अभिप्रायाची आहे. त्यातल्या तक्रारी मोजून माणसं घरी पाठवतात हे मला कुठून ठाऊक असणार? अकरा ओळी लिहिल्या, एकही खाडाखोड नाही. थकून आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावं, इथपासून सुरुवात केली, आणि शेवटी लिहिलं की या मुलीला हे वाक्य ज्याने कुणी शिकवलं त्याचा माणसांशी फारसा संबंध आलेला नसावा. खाली सही ठोकली आणि खोली न घेताच पाय ओढत उतरले. ते वाक्य माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर आहे, हे मला टॅक्सीत आठवलं. तरी मनात म्हटलं, जाऊ दे, एक अभिप्रायच तर आहे. मग काल तुझं पत्र वाचलं.

एकीपुरतेच पैसे होते हे तू लिहिलंस, ते बरं केलंस. त्या पैशांचं मी काय केलं ते आज दिसतंय.

हे पत्र पेटीत टाकून तशीच वर निघते आहे. पोरीची नोकरी माझ्या हाताने जाता कामा नये.

लोभ ठेव. आज तो मागायला तोंड नाही, तरी मागते.

नसीबा

---

माथेरान,
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय खाला,
सलाम.

शुक्रवारी तुम्ही आलात आणि काम झाल्या झाल्या निघून गेलात, म्हणून उरलेलं लिहिते.

तुम्ही लिहिलेली तक्रार मी त्याच दिवशी वाचली होती. अक्षर बघूनच कळलं. हरेश सरांना तुमची वही दाखवली असती तर दोन्हीकडचं अक्षर एक आहे हे त्यांनाही दिसलं असतं. पण मी वही ड्रॉवरमध्ये खाली सारून ठेवली. तुमचं नाव त्यांच्यासमोर असं यावं, हे मला नको होतं. मी बॅग भरायला घेतली होती.

आणि शुक्रवारी बघते तर तुम्ही भिवाजीकाकांच्या घोड्यावर! दोन्ही हातांनी खोगीर धरलेलं, डोळे मिटलेले. भिवाजीकाका अजून सगळ्यांना सांगतात की म्हातारी वाटभर घोड्याला इंग्रजीत दम देत होती.

तुम्ही तुमची वही मागून घेतलीत, तिसरं पान उघडून तक्रारीच्या शेजारी ठेवलंत. मग सरांना म्हणालात, मे आय ओन्ली से, आणि थांबलात. मी तुम्हाला बोलताना थांबलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, “आय वॉज राँग. द गर्ल इज गुड.”

तुम्ही गेल्यावर सर बराच वेळ दोन्ही पानं बघत बसले. तक्रारवहीचं पान फाडता येत नाही, आकडे छापलेले आहेत. त्यांनी तुमच्या सहीखाली लिहिलं की ही तक्रार शिकवणाऱ्याविरुद्ध आहे, मुलीविरुद्ध नाही. पहिल्या तीन राहिल्याच. मला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली आहे. एक अट घातली, तुमची वही काउंटरवर दिसता कामा नये. मी ती खोलीवर उशीखाली ठेवली आहे. तिच्यातली स्पेलिंगं फार चांगली आहेत.

काल सकाळी सात वाजता एक कुटुंब आलं. मी म्हटलं, चहा तयार आहे, बसा, बॅगा इथे ठेवा, खोली बाराला मिळेल. ते बसले. कुणीही तक्रारवही मागितली नाही.

अम्मीने सांगितलं, तुम्ही अब्बांकडून फोन घेतलात आणि पहिला कॉल तिलाच केलात. तीन मिनिटं झाल्यावर तोडलात आणि मागून म्हणालात म्हणे, वेळ संपली होती. ती हसत होती, पण डोळे पुसत होती.

माया ठेवा, आणि सांदणं करा.

तुमची,
नाझिया

---

कर्जत,
१ डिसेंबर २०२५

चि. नाझियास दुआ.

फोन आहे, तरी हे कार्ड लिहिते, कारण तू ते ठेवशील. तुझ्या अम्मीचा कॉल मी तोडला नव्हता. बोट कुठे लागलं ते कळलं नाही, म्हणून मागून तसं सांगितलं. तिला सांगू नकोस.

वीस तारखेला येते आहे, डबा घट्ट दोरीने बांधून. बाराला पोचेन असा बेत आहे. पण मला तू ओळखतेस, आधीच येईन. तेव्हा काउंटरवर उभी असलीस तरी मला खाला म्हण, चहा विचार, आणि मग खोलीचं काय ते सांग.

तुझी माया माझ्या नियमांहून मोठी निघाली. ती तशीच राहू दे.

तुझी खाला