नव्या टेबलात गणू

ता. ६ फेब्रुवारी २००५, रविवार

रंजूचं जमलं! भद्रावतीचा पोरगा. पाहाले आले चार जण अन जेवाले बसलं घरभर. माह्या सुनेनं, शेवंतानं, मरळीचा रस्सा केला. पाव्हणा बोटं चाटून राह्यला. नातीचं लगन पाहाले मिळते म्हणजे काय कमी हाय! मले त आजच नाचावं वाटलं, पण गुडघा नाई म्हणे.

निघता निघता पोराच्या मामानं इचारलं, "पत्रिकेत पोरीच्या बापाच्या नावामागं काय लिवाचं? श्री का कैलासवासी?"

शेवंता ताटं उचलून राह्यली होती. मी म्हणलं, "श्री लिवा." तिनं माह्याकडं पाह्यलं नाई.

गणू माहा पोरगा. आंध्रात मिरची तोडाले गेला तवा रंजू सातवीत होती. सारे वापस आले. हा नाई. टरक पाण्यासाठी थांबला, हा उतरला. मंग चढला का नाई, कोणालेच सांगता येत नाई. त्याले मरळीचं डोकं लागे. आज ते डोकं पाव्हण्याच्या ताटात गेलं.

ता. १२

शनवार. रंजू चांद्याले कम्प्युटरच्या कचेरीत हाय, दुपारच्या गाडीनं आली. मी म्हणलं लुगड्याचं बोलू, त तिच्या तोंडात टेबल. लाकडाचं नाई. कम्प्युटरात रेशनकार्डातल्या माणसायचं असते म्हणे. घर, नाव, जिता का मयत, सारं. आपल्या अन बाजूच्या, दोन्ही जिल्ह्यायचं. एटापल्लीच्या जंगलातलं माणूस बी त्यातच अन आपुनही. ते जुनं झालं, फुगलं, एक नाव शोधाले घेतलं त बाबू चहा पिऊन येते तरी सापडत नाई. आता नवं बनवाचं हाय, अन ते काम माह्या रंजूकडं!

मी म्हणलं, "मंग दोन दिस बंद ठेवा अन बनवा."

"बंद नाई ठेवता येत आजी. सगळ्या तालुक्याचे बाबू दिवसभर त्यात लिवत असते. मागच्या पोरानं एका दमात सारं हलवाले घेतलं. दिवसभर सारं अडकलं, जिथी तिथी लाइनी. त्याले घरी बसवलं."

"मंग तू कशी करशील वो?"

"जुन्याच्या बाजूले नवं, रिकामं. जुन्यातून थोडे थोडे नावं उतरवाचे, मधात दम घेऊ द्याचा."

"जशी आपुन जुन्या बोडीतून नव्या बोडीत मासोळीचं बीज नेलं तसं?"

लई हासली. "तसंच. पण इथी जुन्या बोडीत लोक मासे सोडूनही राह्यले अन काढूनही राह्यले." म्हणून तिनं तिथी एक पहारेकरी बसवला म्हणे. माणूस नाई, कम्प्युटरातलाच. उतरवणं चालू असताना जुन्यात जे जे बदललं ते तो बाजूले लिवून ठेवते. शेवटी ते सारे बदल नव्यात कराचे. दोन्ही जुळले का मंग जुन्याचं नाव नव्याले देऊन टाकाचं. पापणी लवते तेवढ्यात. कोणाले पत्ताबी लागत नाई.

साक्षरता वर्गात म्हातारपणी ग म भ न शिकली मी. अन माही नात पहारेकरी बसवते!

ता. १९

रंजूचा फोन, दुकानात. नामदेवभाऊनं मुद्दाम पोरगी पाठवली बलवाले. मी बिना चपलीची गेली.

"आजी, आज आपला सावली तालुका झाला. बाबा गेले नव्यात."

देवाजवळ साखर ठेवली. शेवंताले सांगतलं. ते म्हणे, "तिथी तरी पोचले."

ता. २४

सकाळीच शेवंता डोकं इचरून, चांगलं पातळ नेसून तयार.

"कुठी?"

"सावलीले. रेशनकार्डातून रंजूच्या बाबाचं नाव कमी करून येतो, बाई."

मी चुलीजवळ होती. म्हणलं, "कारण काय सांगशील?"

"मयत."

तिचा पदर धरता आला असता. मी तिले भात बांधून देला. काऊन देला, मलेच ठाव नाई. हात करत गेले.

सांजेले आली. कपाळाले कुंकू तसंच. पाणी पेली, मासे साफ कराले बसली. खाली पाहूनच बोलली, "दर साली चौकशीवाला येते. नवरा कुठी? बाहेरगावी. तो हासते. आता पोरीच्या लग्नातबी बाहेरगावीच सांगू का? मले खोटं कुंकू लावून पोरीले हळद नाई लावाची, बाई."

मी म्हणलं, "माय, कुंकू पुसलं त हळदीजवळ उभी कोण राहू देईल तुले? सवाशिणी लागते."

"माहीत हाय."

मीबी रांडवच. किती मागं बसा लागते ते मले कोण सांगाले पाह्यजे. पण रंजूची मायच मागं बसणार म्हणजे...

जेवण गेलं नाई.

ता. २८

रंजूचा फोन. आवाजावरूनच समजलं.

"आजी, सावलीच्या बाबूनं जुन्यात बाबाले मयत केलं. पहारेकऱ्यानं लिवून ठेवलं. आईनंच देला ना अर्ज?"

मी हो म्हणलं.

"तुले माहीत होतं? मले काऊन नाई सांगतलं?"

आम्ही घरात गणूचं बोलतो त त्याचं डोकं मोठं, टोपी बसत नाई, असलंच. जिता का मेला, हे कोणी बोलत नाई.

मंग ते हळू बोलली. बाकी सारे बदल नव्यात केले म्हणे, हा एक नाई केला. "नव्यात बाबा जिते हायेत आजी, जुन्यात मेले. माह्या हातून नाई होऊन राह्यलं." साहेब म्हणते, जुळलं नाई त अदलाबदल नाई. काऊन जुळत नाई, ते तिनं साहेबाले अजून सांगतलं नाई.

ता. ५ मार्च

शनवार. रंजू आली, पिशवी दारातच टाकली. "आई, वापस घे ना तो अर्ज. लगन होईपर्यंत. वापस घेतल्याबिगर मी काई करू नाई शकत. खोटं मी नाई करणार त्यात."

शेवंता शिंगाडे सोलून राह्यली होती. "कोण म्हणते खोटं कर? तू तुहं काम कर."

"अन हळद?"

"मीच लावीन."

"बाया लावू देईल?"

"बायायले काय इचाराचं? तू माहे हात धरशील का नाई ते सांग."

रंजू रडाले लागली. शेवंता नाई रडली. सोललेला शिंगाडा तिच्या तोंडात कोंबला, लहानपणी कोंबे तसा. "खाय. वाळून काटा झाली. भद्रावतीवाले म्हणतील, पोरगी देली का झाडू."

रंजू रडता रडता हासली. मंग दोघीही माह्याकडं पाहाले लागल्या.

रंजू म्हणे, "आजी, तुहा पोरगा हाय. आई म्हणते, आजी नाई म्हणत असंल त मी अर्ज वापस घेतो. तू सांग."

मी म्हणलं, भात लागून राह्यला, अन चुलीकडं गेली. भात कुठी लागला होता. चूलच पेटवली नव्हती.

ता. ६

रंजू गेली. गाडीत चढताना म्हणे, "मंगळवारी शिवरात्रीची सुट्टी हाय. बाबू नसते, कोणी लिवत नाई. त्याच दिवशी अदलाबदल कराचं साहेबानं ठरवलं. त्याच्या आधी फोन कर. हो म्हणलं त नव्यातबी मयत करतो, नाई म्हणलं त आई अर्ज वापस घेईपर्यंत थांबतो."

जुनं टेबल लगेच नाई मोडत म्हणे. काई दिस राहू देते, बिघडलं त वापस फिराले. मी इचारलं, मंग मोडते? म्हणे, हो. जागा लागते ना.

ता. ७

आज शेवंताशी बोलाचं ठरवलं होतं. तिनं माहे पाय दाबून देले. बोलणं झालं नाई.

गणू उतरला असंल त त्याले तहान लागली असंल. उन्हाचे दिस. एवढंच मनात येते.

ता. ८, शिवरात्र

सारा गाव जत्रेले निघाला. शेवंताले म्हणलं, तूबी जाय. ते म्हणे, तुमी फोन करून या, मंग पाहू. म्हणजे तिले माहीत.

दुकानात नामदेवभाऊ एकटाच. "बाई, उपासाचं काई देऊ?"

"चांद्याचा नंबर लाव."

पहिल्याच घंटीले उचलला. बाजूलेच बसली असंल. "आजी?"

मी म्हणलं, "फराळ केला का वो?"

"केला."

तिच्याकडं पंख्याचा आवाज. इकडं नामदेवभाऊ मीटरकडं पाहून राह्यला, मंग त्यानंबी तोंड फिरवलं.

"आजी, साहेब आले. काय करू?"

मयत हा शब्द मले लिवता येते. तोंडात त्याच्या नावासंग येत नाई.

म्हणलं, "थांब, रंजू. ठेवू नको."

"नाई ठेवत," म्हणे. "मी हाय इथी."