सीदी खरूबाच्या लिलाव-शेडमधील भोंगा

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
मासेमारी बंदर, सीदी खरूबा.

विषय : दि. १८ ऑक्टोबर रोजी लिलावाच्या शेडमधील भोंगा विनापरवाना वापरल्याबद्दल खुलासा. तसेच यापुढे तो दर शनिवारी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २१ ऑक्टोबर. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज ('अपूर्ण' असा शेरा मारून ठेवलेले).

माननीय महोदय,

सादर सलाम. नोटिशीत विचारल्याप्रमाणे अर्जदार घडले ते घडले तसे खाली मांडीत आहे.

१. अर्जदार दलेंदा शमाखी, वय ३४, राहणार दीपगृहामागे, ही याच धक्क्यावर लहानाची मोठी झालेली असून गेली सहा वर्षे खाडीतले समुद्री गवत वाचवण्याची चळवळ चालवते. हे गवत म्हणजे मासळीचे बाळंतघर, हे आपणांस ठाऊक आहेच. तळ खरवडणारे जाळे फिरले की ते मुळासकट उपटते, आणि पुन्हा उगवायला माणसाचा जन्म जातो. ही गोष्ट अर्जदाराने फ्रेंचमधून सव्वाशे व इंग्रजीतून चाळीस चित्रफितींत सांगितली. कॅनडातून पत्रे आली. ओस्लो येथे पारितोषिक म्हणून काचेचा मासा मिळाला. आपण बाजारात ज्या भाषेत भाव करतो त्या भाषेत मात्र एकही चित्रफीत केलेली नव्हती, हे अर्जदार मान खाली घालून मान्य करते.

२. गेल्या ऑगस्टात एका परदेशी वाहिनीचा छायाचित्रकार आला. खरवडणारी नौका रंगेहाथ टिपावी म्हणून अर्जदार त्याला घेऊन खाडीत गेली. नौका सापडली. तिच्यावर अर्जदाराचे सख्खे मामा खमीस जाळे ओढीत होते. मामांनी भाचीला पाहिले आणि आनंदाने हात हलवला. "दलेंदा! टीव्हीवाले आणलेस होय? थांब गं जरा, टोपी घालतो!" छायाचित्रकाराने विचारले, हा मनुष्य काय म्हणतो? वाऱ्यामुळे ऐकू येत नाही, असे अर्जदाराने खोटेच सांगितले.

३. त्याच संध्याकाळी अर्जदार मामांच्या घरी गेली. मामींनी कुसकुस वाढला.  अर्जदाराने विचारले, "मामा, मी सहा वर्षं कशाविरुद्ध ओरडतेय ते तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत नाही कसं? सगळ्या चित्रफिती बघतो आम्ही. तुझी मामी टाळ्या वाजवते."

"आणि कळतं काय त्यातलं?"

"फ्रेंच कुठं येतं मला? तू हातवारे करतेस, मागं निळंशार पाणी दिसतं. मी म्हटलं, पोरगी गावाची जाहिरात करतेय, पाहुणे येतील."

तेव्हा अर्जदाराने ताटावरच गवताची सगळी हकिगत सांगितली. मामा चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे नॉर्वेच्या लोकांना कशाला सांगत बसलीस? त्यांनी येऊन माझा हात धरायचा होता का?"  

४. दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने भोंग्यासाठी पहिला अर्ज केला. खिडकीवरील लिपिक महाशयांनी सांगितले की छापील नमुना फक्त 'आंतरराष्ट्रीय परिषद' असाच आहे. "गावच्या लोकांशी बोलायला परवानगी कशाला लागते? बोला की रस्त्यात." मग भोंगा द्या, असे म्हटल्यावर "भोंग्याला लागते" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या अर्जावर परदेशी संस्थेचे शिफारसपत्र मागण्यात आले. ते ओस्लोहून चार दिवसांत आले. तिसऱ्या अर्जावर त्या पत्राचे भाषांतर आणि हजर राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांची यादी मागण्यात आली. भाषांतर जोडले. यादीत अर्जदाराने प्रामाणिकपणे "कोणीही नाही" असे लिहिले. त्यामुळे अर्ज अपूर्ण ठरला.

५. आता मूळ प्रकार. दि. १८ रोजी सेपियाच्या, म्हणजे माकुळाच्या, अवघ्या सात पेट्या उतरल्या. लिलाव दहा मिनिटांत आटोपला, माणसे मात्र तशीच उभी राहिली, कारण एवढ्या लवकर घरी जाऊन सांगायचे काय? लिलाव पुकारणारे मन्सूर यांनी भोंग्याचा माइक अर्जदाराच्या हातात दिला. "घे बाई. विकायला काही उरलं नाही, याचा तरी उपयोग होऊ दे." सबब, भोंगा बळकावल्याचा आरोप अर्जदारास मान्य नाही, वापरल्याचा आहे.

अर्जदाराने परिषदांच्या सवयीने "सन्माननीय घटकहो" अशी सुरुवात केली. मागून कोणीतरी ओरडले, "घटक कोण? मासळीचं बोल!" मग अर्जदाराने भाषण सोडले आणि पिशवीतून किनाऱ्यावर वाहून आलेला गवताचा गड्डा काढला. त्याला सेपियाची अंडी काळ्या द्राक्षांसारखी लगडलेली होती. तो हातोहात फिरला. चाळीस वर्षे समुद्रात असलेली माणसे तो नाकाशी नेऊन पाहत होती. मग एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारले, "तुला बक्षीस मिळालं, आमची जाळी जाणार. आम्ही खायचं काय?" महोदय, सहा वर्षांत कोणत्याही परिषदेत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.  उत्तर दिले ते शिंपल्या वेचणाऱ्या मबरूका आजींनी. "तुझा बाप काय खात होता रे? मडकी टाकून आठपाय धरायचा, अन् तुझ्यासारखे सात वाढवले त्यानं!" इथून जे भांडण पेटले ते मिटेना. नोटिशीत भोंगा सत्तर मिनिटे चालू होता असे म्हटले आहे. ते खरे आहे. त्यांतली सहा मिनिटे अर्जदाराची, बाकीची गावाची.

६. परिणाम असा की बंदरातील एकवीस नौकांपैकी नऊ जणांनी वसंतापर्यंत खरवडणारे जाळे किनाऱ्यावर ठेवण्याचे ठरवले. कागद केला नाही, हातात हात दिले. या नऊ जणांत खमीस मामा नव्हते. भांडणात त्यांच्याही जाळ्याचा उद्धार झाला होता, त्यामुळे चारचौघांत आपली शोभा झाली असे वाटून ते पाच दिवस अर्जदाराशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी हातगाडीवर जाळे घालून दारात आले. "हे तुझ्याकडे ठेव. माझ्या घरी राहिलं तर हात शिवशिवतील." एवढे म्हणून कॉफीही न घेता परत गेले. अर्जदार दार लावून बराच वेळ रडली. हे नोटिशीत विचारलेले नाही, पण खुलासा पुरा असावा म्हणून नोंदवले.

७. उरलेल्या अकरा नौकांचे अद्याप ठरलेले नाही आणि मोसम तोंडावर आला आहे. म्हणून विनंती की भोंगा दर शनिवारी लिलावानंतर मिळावा. किती वेळ, ते आपणच ठरवावे. भांडणाला वेळ लागतो एवढेच लक्षात असावे. वक्ता म्हणून अर्जदाराचे नाव लिहू नये. येत्या शनिवारी खमीस मामा बोलणार आहेत. त्यांना भाषण येत नाही, शिव्या मात्र उत्तम येतात. त्या गाळून बोलण्याविषयी मामींनी हमी घेतली आहे, आणि अर्जदार पहिल्या रांगेत मबरूका आजींशेजारी बसून ऐकणार आहे.

आपल्याच धक्क्यावरची,
दलेंदा शमाखी
(सही)

सीदी खरूबा, दि. २७ ऑक्टोबर २०२५

सोबत : पाठिंब्याच्या सह्या व अंगठे, एकूण सत्तेचाळीस. (बाराव्या क्रमांकाची सही आपल्या लिपिक महाशयांची आहे.)