तुझा कुकारा आणि मास्तरांचा शाऊट

आये, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. सत्तरच्या वर वर्षं झाली तू तो विचारलास त्याला, आणि तुला जाऊनही पन्नास होत आली. पण उत्तर मिळाल्यावर माणूस गप्प कसं बसेल, म्हणून नातीच्या वहीतली मागची पानं मागून घेतली आणि लिहायला बसले. माझं अक्षर बघून तू काही बोलणार नाहीस, तुला वाचता येत नव्हतं. नात मात्र बोलते. म्हणते, आजी, तुझे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. पडू देत. तिसरीनंतर मला लिहायचं काम पडलं ते वाण्याच्या चिठ्ठीपुरतं, आणि हल्ली वाणीही फोनवर बोललं तरी सामान वर पाठवतो. चौदाव्या मजल्यावर राहते मी आता, घोडबंदर रोडला. खिडकीतून खाडी दिसते. आपली नाही, ठाण्याकडची, पण पाणी तेच म्हणायचं.

तर प्रश्न. तुला आठवेल का नाही कोण जाणे. आमचे मास्तर डोंबिवलीहून पायी यायचे, चपला हातात घेऊन, कारण बांधावरचा चिखल चपलांना सोडत नसे. शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत. पोरांनी शाळेला यावं म्हणून दर शनिवारी ते एक इंग्रजी शब्द द्यायचे, खाऊसारखा. तसं आमच्या इयत्तेला इंग्रजी नव्हतंच. एका शनिवारी कॅट, एका शनिवारी सॉल्ट. सॉल्टला सगळी पोरं खूश झाली, कारण तो आपलाच धंदा. आणि एका शनिवारी शाऊट. शाऊट म्हणजे ओरडणे, असं म्हणून मास्तर स्वतःच असे ओरडले की देवळावरची कबुतरं उडाली.

मी धावत घरी आले तर तू चुलीत सुके बोंबील भाजत होतीस. मी सांगितलं, आये, शाऊट म्हंजे वरडनं. तू बोंबील उलटलास आणि विचारलंस, "कंचं वरडनं?" मी म्हटलं, सगळंच. मग तू एकेक काढायला लागलीस. मासळीवाली आळीत शिरताना आरोळी देते, ते शाऊट? म्हटलं हो. पोर पडलं की भोकाड पसरतं, ते? तेही असेल. मिठागरावर मुकादम पाटी खाली पडली की अंगावर येतो, ते? हो ना. आणि मयताला बायका हंबरडा फोडतात, तो? मी बोंबलाचं शेपूट मोडून तोंडात टाकलं. तू फडक्याने हात पुसलेस आणि म्हणालीस, "मंग इंग्रजाला कलतं कसं, लग्नाला धावाचं का मयताला?"

सोमवारी मी हे मास्तरांना विचारलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, तुझ्या आईलाच शाळेत पाठव. उत्तर काही दिलं नाही. बहुतेक त्यांनाही ठाऊक नसावं, पण मास्तर माणूस तसं कसं म्हणणार.

आज नात अभ्यास करत होती. सहावीत आहे, सगळं इंग्रजीतच. मोठ्यानं वाचत होती आणि माझ्या कानावर शाऊट पडला. मी भाजी टाकून तिच्याजवळ जाऊन बसले. तिला वाटलं आजीला काहीतरी होतंय. म्हटलं, अगं हा शब्द माझ्या ओळखीचा आहे, नीट सांग. मग तिनं सांगितलं की शाऊटच्या पुढे टू आला की लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडणं, आणि ॲट आला की रागानं अंगावर ओरडणं. किंकाळीला स्क्रीम, तो वेगळा. भोकाडालाही वेगळा आहे, तो माझ्या तोंडात बसला नाही. म्हणजे आये, त्यांनाही कळतं. मुकादमाचा ॲट आणि मासळीवालीचा टू. मी इतकी खूश झाले की तिच्या पाठीवर थापच मारली. ती म्हणाली, आजी, यात काय एवढं. आणि वर आणखी एक सांगितलं. हल्ली शाऊटआऊट म्हणून असतं, मोबाइलवर चारचौघांत एखाद्याचं नाव घ्यायचं, कौतुकानं. ज्याचं नाव घेतलं तो आनंदानं नाचतो म्हणे. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. चारचौघांत नाव घेतलं म्हणून तुझं काय झालं ते मी हिला कुठून सांगू.

पण त्या टूमध्ये तुझा कुकारा बसतो का, ते मी नातीला विचारलं नाही. तो कशातच बसणार नाही. दिवे लावायच्या आधी तू परसाच्या टोकाला येतेस, पदर खोचतेस, दोन्ही तळवे तोंडाशी धरतेस. आधी दोन आखूड, मग एक लांब, आणि लांबाच्या शेवटी असा वर उचललेला की जसं कुणी कडेवर घेतंय. त्यात माझं नाव नसतं, ये नसतं, जा नसतं. नुसता आवाज. मी बांधावर असेन, नाहीतर पार पलीकडे मिठाच्या ढिगांशी, तो आला की पाय आपोआप घराकडे वळायचे. बाकीच्या आयाही कुकारे घालायच्या, पण एकीचा पोरगा दुसरीच्या कुकाऱ्याला कधी फिरला नाही. मीही परत तसाच देऊन बघायचे, वाटेत. तू म्हणायचीस, माझी चोरी करते.

ती होळीची पुनव. बाबा मिठाच्या मचव्यावर, सणालाही घरी नव्हते. पुनवेला उधाणाची भरती, खाडीचं दुपारचं पाणी बांधाच्या कडेशी येणार, म्हणून घरटी एकानं बांधावर बसायची पाळी असायची, आणि त्या दिवशी पाळी आपली. तुझे हात पुरणात. थोरले काका, म्हणजे तुझे मोठे दीर, घरातले कर्ते, ते बाकीच्या गड्यांबरोबर देवळापाशी होळीची लाकडं रचत होते. तू मला म्हणालीस, जा, बस, पानी आत येताना दिसलं तर वरड. मी नऊ वर्षांची. त्याआधीही बसले होते, काही झालं नव्हतं.

मग झालं. चिंबोरीच्या बिळातून पाणी आत येऊ लागलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, मग वरची माती ढासळून माझ्या मांडीएवढी खांड पडली. आत आपलं खाजण, सगळ्या गावाचं भाताचं शेत. खारं पाणी शिरलं की दोन पावसाळे भात नीट धरत नाही, हे नऊ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. मी ओरडले. साधं ओरडून वाऱ्यावर काही पोचेना, म्हणून पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकली, जीव खाऊन. आणि आये, शिमग्याचे दिवस. पंधरा दिवस गावातली पोरं दिवसभर तेच करत होती. देवळापाशी गडी जमलेले मला दिसत होते. त्यांनी माना वळवल्या, एक जण हसला, दोघातिघांनी उलट बोंब ठोकून मला साथ दिली, आणि पुन्हा लाकडं रचायला लागले. नंतर कळलं, कुणीतरी म्हणालं होतं, पोरीनं पन शिमगा सुरू केला. जितकी मोठ्यानं मी बोंबलत होते, तितकी त्यांना मजा वाटत होती.

शेवटी मी तळवे तोंडाशी धरले आणि तुझा कुकारा घातला. दोन आखूड, एक लांब. शेवट माझ्याच्यानं वर उचलला गेला नाही, रडू येत होतं.

तू मला नंतर सांगितलंस ना, की पुरण घोटता घोटता हात थांबला, आणि मनात आलं, मी हितं चुलीशी, मंग हा माझा कुकारा कोन घालतंय? उठलीस ती तशीच. परसातला पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतलास, पुरणाचे हात तसेच. मला तू लांबून दिसतेस अजून, बांधावरून पळत येणारी, पेंढा वाऱ्यानं मागे उडतोय. आलीस, भारा खांडीत कोंबलास, वर चिखल ओढलास, तरी पाणी थांबेना, तर त्या पेंढ्याला पाठ लावून खांडीतच बसलीस. पाणी तुझ्या कमरेला. आणि देवळाकडे बघून ओरडलीस. थोरल्या काकांना. नावानं.

आता हे नातीला सांगितलं तर ती म्हणेल, मग काय. पण तोवर दहा वर्षं तू त्या घरात होतीस, काकांसमोर पदर कपाळाच्या वर गेला नव्हता, पाणी द्यायचं तरी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचीस. त्यांच्या नावाची पहिली अक्षरं ज्या भाजीच्या नावात येतात, ती भाजीही तू वेगळ्याच नावानं मागायचीस. आणि सगळ्या गावासमोर, सणाच्या दिवशी, बापाचं नाव जोडून तू हाक मारलीस, तीन वेळा. बोंबेला कुणी हललं नव्हतं. नावाला सगळे उठले. काही जण तर नुसतं बघायला धावले, की या घरच्या सुनेला झालं काय. आले, बघितलं, आणि मग मुकाट चिखलात उतरले. तासाभरात खांड बुजली. शेत वाचलं. आपल्या विहिरीचं पाणीही गोडं राहिलं.

संध्याकाळी होळी पेटायच्या आधी अंगणात सगळे जमले. आधी कुणीतरी विचारलं, एवढ्या पोरीला बांधावर का बसवली. तू भिंतीशी उभी होतीस, लुगडं अजून ओलं. म्हणालीस, "पोर सावध होती. पानी दिसलं तवाच वरडली." एवढंच. कुणी मला काही विचारलं नाही. मग थोरले काका बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलले, "बांध राखलास, चांगलं केलंस. पन आजपासून या घरच्या बाईचा आवाज अंगनाभायेर जावाचा नाय." तू वाकून त्यांच्या पाया पडलीस. मला वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे, विसरतील.

तू विसरली नाहीस. दुसऱ्या दिवशी धुळवड, मी मुद्दाम लांब गेलेली, दिवे लागायची वेळ झाली, मी कान देऊन उभी. बाकीच्यांचे कुकारे आले. तुझा आला नाही. मग खांद्यावर हात पडला. तू स्वतः चालत आली होतीस, दिवसभर मिठाच्या पाट्या वाहून, तेवढा सगळा बांध तुडवत. म्हणालीस, चल. त्यानंतर रोज तसंच. मी लांब जायचं सोडून दिलं, तुझे पाय दुखतात म्हणून. तुला वाटलं असेल पोर शहाणी झाली.

लग्न होऊन मी ठाण्याला आले. काका गेले तेव्हा दिवसांना आले होते, तर तेराव्यानंतर तुला म्हटलं, आये, आता कोण अडवतंय, घाल ना एकदा. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आता बोलवू कोनाला?"

गेल्या महिन्यात मी सोसायटीच्या गच्चीवर गेले होते. पापड वाळत टाकायला म्हणून गेले, आणि कुणी नाही बघून तळवे तोंडाशी धरले. आवाज चिरकला. तरी दोन आखूड, एक लांब, असा घातला. खालून वॉचमन पळत आला धापा टाकत, म्हणाला, माताजी, काय झालं, कोण पडलं? बिचारा. त्याला पापड दिले दोन, कच्चेच. पण आये, निदान तो आला तरी. देवळापाशीच्या गड्यांपेक्षा बरा.

आता पान संपत आलं आणि नात वही मागते आहे. म्हणते, कुणाला लिहितेस, पत्ता सांग, मी टाकते पोस्टात. तिला म्हटलं, टाकायचं नाही. तिला हे वाचूनही दाखवणार नाही, कारण पुढचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाणी दिसलं तवाच मी ओरडले नाही. बिळाच्या तोंडाशी चिंबोरीची नांगी दिसली होती, माझ्या पंजाएवढी. तुला चिंबोरीचा रस्सा आवडायचा आणि बाबा घरी नसले की आपल्याकडे कुणी पकडून आणत नसे. म्हणून मी काठी घातली. ती आत सरकली, मी आणखी उकरलं, कोपरापर्यंत हात घातला. पाणी यायला लागलं तरी उकरत होते, वाटलं आता हाताला लागेल. तुला ते ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. लागली नाही गं हाताला.