बंपरला बांधलेली साखळी

शनिवार पेठ, पुणे
ऑगस्ट १९६१

प्रिय हेमा,

तुझं पत्र पोचलं. तुझं माहेर, बिबवेवाडी, इथून चार मैल. सायकलवर टांग टाकली तर तुमच्या चुलीवरची भाकरी निवायच्या आत अंगणात येऊन उभा राहीन. तरी मी पत्राला पत्रानंच उत्तर देतो आहे. तुला राग येईल आणि तो रास्त असेल. असं का करतो आहे ते शेवटी सांगतो. आधी सांगायला घेतलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

खोली आता राहण्याजोगी होत आली आहे. गाळ उपसून झाला, फरशी तीनदा धुतली, तरी रात्री दिवा मालवला की नदीचा वास येतो. पुस्तकं पाणी पिऊन अशी फुगली होती की कपाटाची फळी फोडल्याशिवाय निघेनात. निम्मी टाकली. तुझं शिवणाचं मशीन मात्र चालतं आहे. गॅरेजवाल्या मन्सूरनं ते उघडून, रॉकेलनं धुऊन, तेल घालून दिलं. हे पुढचं सगळं व्हायच्या आधी. 'वहिनींना सांग, मास्तरच्या डोक्यातला गाळसुद्धा काढला असता, पण तेवढं रॉकेल गॅरेजमध्ये नाही,' असं म्हणाला होता.

तू मच्छिंद्रबद्दल लिहिलंस. त्याचं लायसन्स जप्त झालं, मदत समितीनं त्याला कामावरून काढलं, सोमवारी शेवटची चौकशी आहे, आणि त्यात दोषी ठरला तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावता येणार नाही. त्याची आई, सोजरमावशी, रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसते. तू तिला म्हणालीस, 'मावशी, हे तिथं होते. खरं असेल तेच सांगतील. यांचा शब्द साहेब लोक मानतात.' आणि मला लिहिलंस, 'दादाची चूक असली तरी जरा सांभाळून घ्या. आमच्या भावकीतला आहे, तुम्हांला दाजी म्हणतो.' हेमा, 'चूक असली तरी' हे शब्द वाचले आणि पत्र उलटं करून ठेवलं. मग दिवसभर तसंच पालथं राहू दिलं.

पानशेतचं पाणी ओसरल्यावर इथं काय होतं ते तू पाहिलं नाहीस. गुडघाभर चिखल, वर वाळून पापुद्रा धरलेला, पाय ठेवला की आत लोणी. धान्य घेऊन येणाऱ्या मोटारी एकामागून एक रुतत होत्या. लोक उत्साहानं धावायचे, मिळेल त्या दोरानं ओढायचे. एका मोटारीचा दोर तुटून दोघांना लागलं, तेव्हा मला जुन्या बाजारात रद्दीच्या भावानं घेतलेलं ते लष्करी पुस्तक आठवलं. ते वरच्या फळीवर होतं म्हणून पुरातून वाचलं होतं. रुतलेली वाहनं कशी काढावीत एवढाच त्याचा विषय. निम्मं पुस्तक बर्फावर आहे. मन्सूर पानं चाळून म्हणाला, 'अनंता, हे ठेव. शनिवारात बर्फ पडला की लागेल.' पण चिखलाचा भाग त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग आम्ही दोघांनी स्वयंसेवकांना नियम घालून दिले.

नियम सोपे होते. आधी खोदायचं, ओढायचं नंतर. चाकापुढचा गाळ काढून विटांचे तुकडे आणि फळ्या घालायच्या. गाडी ज्या चाकोरीनं आत गेली त्याच चाकोरीनं मागे काढायची, कारण ती वाट चाकांनी दाबलेली असते आणि तिच्या टोकाला घट्ट जमीन असते हे माहीत असतं. पुढचं कोणालाच माहीत नसतं. साखळी गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला बांधायची, बंपरला कधीही नाही. बंपर दिसतो दणकट, असतो शोभेचा. साखळीवर ओली पोती टाकायची, म्हणजे तुटली तरी हवेत उसळत नाही. साखळीच्या रेषेत माणूस उभा राहता कामा नये. आणि इशारा एकाच माणसानं, लाल फडक्यानं द्यायचा. हाक मारायची नाही, कारण गर्दीत सगळेच हाका मारतात.

हे नियम पाळून आम्ही कितीतरी मोटारी काढल्या. कोणाला साधं खरचटलं नाही. मच्छिंद्र ओढणाऱ्या ट्रकवर होता. त्याच्याइतक्या हलक्या पायानं क्लच सोडणारा माणूस मी पाहिला नाही. साखळी ताणताना तिचा आवाजसुद्धा होऊ देत नसे.

आता त्या सकाळचं लिहितो. नदीकडे उतरणाऱ्या वळणावर गव्हाचा ट्रक रुतला होता. मच्छिंद्रचा ट्रक मागे, घट्ट रस्त्यावर उभा होता. साखळी मागून सांगाड्याला बांधून झाली होती, पोती भिजवून ठेवली होती. दहा मिनिटांचं काम. पण त्याच वेळी मुंबईची बडी मंडळी पाहणीला येणार अशी बातमी आली, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला आणि बघता बघता रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर माणसं उभी राहिली. मला कोणीतरी वाळूच्या पोत्यांवर चढवलं. चढवलं म्हणतो, पण मी स्वतःच चढलो असेन. मी बोललो. तुला माहीत आहे मी कसा बोलतो. हे शहर बुडालं नाही, हे शहर मागे हटलेलं नाही, हे शहर एक पाऊलही मागे घेणार नाही. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, त्या गाळात, त्या दुर्गंधीत टाळ्या ऐकल्या आणि पाय जमिनीवर राहिले नाहीत.

तेवढ्यात कट्ट्यावरून आपल्याच पेठेतला एक आवाज आला, अगदी शांत, 'छान. भाषण पुढे आणि गाडी मागे.' सगळे हसले. फोटोग्राफरही हसला.

त्यावर मी दुसरा विनोद करू शकलो असतो. गप्प बसू शकलो असतो. मी म्हणालो, 'गाडी पुढेच निघेल.'

मन्सूर वर पाहून म्हणाला, 'अरे, पुढे काय आहे ते तुझ्या त्या पुस्तकवाल्या साहेबालासुद्धा माहीत नाही.' मी ऐकलं नाही. मच्छिंद्रला बाजूच्या बोळातून ट्रक फिरवून पुढच्या फरसबंदीवर आणायला लावलं. रुतलेल्या ट्रकचं तोंड चिखलात होतं, पुढचा हूक गाळाखाली. तो खणून काढायला अर्धा तास लागला असता आणि लोक ताटकळले होते. मी साखळी बंपरला बांधायला सांगितली. मच्छिंद्र खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात, चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाला, 'दाजी, बंपरला नगं. तुमीच सांगितलंय की.' मी मोठ्यानं उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: 'भीती वाटत असेल तर उतर. चालवायला दुसरा कोणी बसेल.' लोक पुन्हा हसले, या वेळी त्याला. तो वर चढला.

लाल फडकं माझ्या खिशात होतं. इशारा देणारा मीच होतो. मन्सूर शिव्या देत पोती आणत होता. दुसऱ्या कोणी त्यांची आठवण ठेवली नव्हती. तो साखळीवर वाकलेला असताना मी हात वर केला आणि ओरडलो, 'चला पुढे!' भाषण संपवताना करतो तसाच हात, रिकामा. मच्छिंद्रनं आरशात हात पाहिला, आवाज ऐकला आणि क्लच सोडला. बंपर एका बाजूनं उपटून निघाला. साखळी त्याचा तुकडा घेऊन उसळली. ती मन्सूरच्या तोंडावर बसली.

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. दात तारेनं बांधले आहेत. त्याची आई अमिनाबी त्याला चोचीच्या पेल्यानं पातळ पेज पाजतात. ज्याच्या तोंडाला अख्खा बुधवार चौक वचकून असायचा तो पाटीवर लिहून पाणी मागतो. मी गेलो की अमिनाबी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. मी त्याला खांद्यावर टाकून इस्पितळापर्यंत पळालो एवढंच त्यांना कळलं आहे. 'तुम्ही होता म्हणून माझा मन्सूर वाचला,' म्हणतात आणि चहा टाकतात. तो चहा मी पितो, हेमा.

इथपर्यंत असतं तर मी त्याला हलगर्जीपणा म्हटलं असतं, मूर्खपणा म्हटलं असतं. पुढचं त्याहून वाईट आहे. समितीचे चिटणीस श्यामसुंदर संध्याकाळी घरी आले. म्हणाले, 'मास्तर, तुम्ही समितीचा चेहरा आहात. तुमच्यावर आलं तर उद्यापासून धान्य द्यायला कोणी पुढे येणार नाही. जबाबात खोटं लिहू नका. इशारा झाला होता का, एवढंच लिहा.' आणि मी लिहिलं: 'लाल फडक्याचा इशारा होण्यापूर्वीच चालकाने गाडी पुढे घेतली.' या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच ते इतकं नीच आहे. मच्छिंद्रनं पहिल्या चौकशीत सांगितलं, 'मास्तरांनी हात केला.' त्याला विचारलं, हातात फडकं होतं का? तो म्हणाला, 'न्हाई.' मग त्याला काही विचारलंच नाही. त्याला वाटलं असेल, दाजी आता उठून बोलतील. मी बाकावर बसून होतो. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं आणि मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

जन्मभर मी व्यासपीठांवरून काय सांगत आलो? ज्याचा शब्द कोणी ऐकत नाही त्याच्या बाजूनं उभं राहा. शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं तेही मी भाषणांत सांगायचो, आणि तू एकदा स्वयंपाक करता करता म्हणालीस, 'मला त्या भाषणांतून काढा, मी इथं घरात आहे.' तेव्हा मी हसलो होतो.

माझं ते वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं. दुसऱ्या दिवशी मन्सूरकडे गेलो तर कात्रण त्याच्या उशाशी होतं. त्यानं पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली: 'वाक्य उत्तम. मराठीत पास.' मग पुसून लिहिलं: 'मच्छिंद्र काय खातो?' मी कात्रणाची घडी घालत राहिलो. त्यानं पाटी पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून मी गेलो की तो भिंतीकडेच पाहतो.

आज दुपारी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे नवा जबाब दिला. साखळी बंपरला बांधायला मी लावली, मच्छिंद्रनं आधी हरकत घेतली होती, हात मी केला, आणि पहिला जबाब मी त्याला अडकवून स्वतः सुटण्यासाठी दिला. खाली सही केली. श्यामसुंदर म्हणाले, 'मास्तर, शाळेत काय होईल याचा विचार केलात का?' शाळेत जे व्हायचं ते होईल. त्याची झळ तुलाही लागणार आहे, आणि तुला न विचारता मी हे करून बसलो आहे. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. मच्छिंद्रचं लायसन्स सोमवारी मिळेलच असं अधिकारी म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल मी बिबवेवाडीला यायला निघालो होतो. स्वारगेटच्या पुढे आलो. सायकल चालवता चालवता मच्छिंद्रला आणि सोजरमावशीला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मला सुरुवात सापडली आहे. चांगली सुरुवात. कुठे थांबायचं तेही ठरलं होतं. कोणत्या शब्दाला मावशीच्या डोळ्यांत पाणी येईल तेही मला कळलं होतं. मी सायकलवरून उतरलो आणि परत फिरलो. मी तोंडानं माफी मागितली तर त्याही माणसांना मी जिंकून घेईन, आणि मच्छिंद्रला मनातलं बोलायला जागाच उरणार नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी सोजरमावशीच्या अंगणात, मच्छिंद्रसमोर, भावकीतली माणसं बोलावून हे पत्र तू वाच. तू वाचताना आवाज चढवत नाहीस, कोणासाठी थांबत नाहीस. मी तिथं असेन, खाली बसलेला, आणि तोंड उघडणार नाही. वाचून झाल्यावर मच्छिंद्र जे म्हणेल ते मी ऐकेन. तो काहीच न बोलता उठून गेला तर तेही. आणि कोणी म्हणालं, 'मास्तरांनी लिहिलंय मात्र चांगलं,' तर हे कागद बाजूला ठेव आणि तुझ्या शब्दांत एवढंच सांग: दादानं नको म्हटलं होतं, यांनी ऐकलं नाही, आणि मग यांनी त्याच्यावर ढकललं.

हे वाचूनही तू म्हणू देशील तर, तुझाच,
अनंत