बाभळीवरची चिंधी

वळसंग, १२ जानेवारी १९७४

सिस्टर ब्रिजिद यांस हणमंताचा नमस्कार.

आयर्लंडहून तुमचं पत्र आलं. समुद्राकाठच्या पडक्या चर्चमागं विहीर आहे, तिथल्या काटेरी झाडाला लोक नवसाच्या चिंध्या बांधतात. माझ्या आजारी बायकोसाठी, चांगुणेसाठी तुम्हीही एक बांधलीत. ती आता हिंडतेफिरते.

इथल्या दवाखान्यात होता तेव्हा चिंध्यादेवीच्या बाभळीला तुम्ही आपल्या आजारी आईसाठी रुमालाची पट्टी बांधली होती. तुमची पाठ वळताच मी ती सोडून फेकली. म्हणालो, "परक्याच्या चिंधीनं देवी बाटंल." चांगुणा म्हणाली, "राहू द्या की, त्यांची बी आईच हाय."

आई गेल्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. काल त्याच फांदीला माझ्या धोतराची चिंधी बांधली. नवस काय बोलावा, ते सुचलं नाही.

हे पत्र टपालात टाकायचं धैर्य नसलेला,
हणमंत