कड्याची पळणारी सून

कडा,
ता. १८ जून २०२४

ती. नाना व सौ. आई यांना,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर नानांना काही ऐकू येत नाही आणि आई फोन घेते तेव्हा निम्म्याहून जास्त स्वतःच बोलते, म्हणून पत्रच बरं. एस.टी.च्या इंजिनानं नानांचे कान नेले, पण डोळे ठेवले, हे माझं नशीब.

नाना, सांगायचं म्हणजे मी पळायला लागले. चैत्रात पालीला आले होते तेव्हा तुम्ही मला पहाटे उठवून बिंदुसरेच्या धरणाकडं घेऊन गेलात. शुगर निघाल्यापासून तुम्ही रोज पळता हे ठाऊक होतं, पण त्या दिवशी मला कावून सोबत नेताय ते कळलं नव्हतं. भिंतीजवळ पोचेस्तोवर माझा जीव घशाशी आला होता. पण घरी आल्यावर मला भूक लागली. माघात बाळ पोटातच गेलं, त्यानंतर पहिल्यांदा नीट भूक लागली. आईनं भाकरी वाढताना तोंड दुसरीकडं फिरवलं होतं, ते मी पाहिलं.

इथं मी रेल्वेच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं जाते. तुमची नात ऋतुजा शाळेसाठी उठायच्या आत परत येते. पायात तुमच्या जावयाचे जुने बूट, पुढं कापूस कोंबलेला. जावई हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की तुज्या मागं कुत्रं लागलंय का. आता गल्लीत माझं नाव ‘पळणारी सून’ पडलंय. ऐकायला वाईट वाटत नाही.

रात्री झोप येते. एवढं आईला सांगा. दोघांनी जिवाला जपावं, आणि माझ्यावरची माया अशीच असू द्यावी.

तुमची,
रोहिणी

---

पाली,
ता. २७ जून २०२४

चि. सौ. रोहिणीस,
भगवानरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि मग चष्मा लावून तिसऱ्यांदा स्वतः वाचलं. झोपेचं वाक्य तिनं बोटानं धरून ठेवलं होतं.

कापूस कोंबून पळशील तर टाचा सोलतील. बीडला जाऊन नवे बूट आणलेत. तुझ्या आईचं आणि तुझं माप एकच, म्हणून दुकानात तिलाच पळवून बघितलं. दुकानदार हसला, ही चिडली, पण बूट बरोबर बसले. आपल्या डेपोचा सुग्रीव नगरच्या गाडीवर आहे, त्याच्याकडं दिलेत. कड्याच्या स्टँडवरून घे.

आता ड्रायव्हरचं ऐक. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की समजायचं, आपण इंजिन उगा ताणतोय. मी एकटा पळतो, मग बोलणार कुणाशी? म्हणून बीड-नगर गाडीचे थांबे मोठ्यानं म्हणत जातो. कडा आलं की तुझी आठवण होते, आणि तिथं हमखास दम लागतो. लोकांना वाटतं म्हातारा लई जप करतोय.

रोज पळणं म्हणजे रोज लांब पळणं नव्हे. ताप असला तर पांघरूण घेऊन झोपावं. आळस असला तर आधी बूट घालावेत आणि मग जायचं का ते ठरवावं. जेवढं होईल तेवढं, पण उंबरा ओलांडायचा. आणि तुझ्या सासूच्या, भिवराबाईंच्या बोलण्याचा राग धरू नको. त्या बाईनं उभं आयुष्य ऊसतोडीत कोयता चालवून घर उभं केलंय, त्यांची जीभ तेवढी धारदार राहणारच.

तुझी आई आता एकादशीला नारायणगडावर जाणार आहे. कशासाठी ते सांगत नाही, मी विचारत नाही. सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि खुशाली लिहीत राहा.

तुझा,
नाना

---

कडा,
ता. ३ सप्टेंबर २०२४

ती. नाना व सौ. आई यांना,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

बूट इतके हलके आहेत की पहिल्या दिवशी पाय रिकामेच वाटले. आत्याबाईंनी हातात घेऊन, उलटे करून तळवे पाहिले आणि म्हणाल्या की ह्यात काटा आरपार जाईल.

आता मी एकटी नाही. शेजारची मंगल, जिची पिठाची गिरणी आहे, ती येते माझ्याबरोबर. ती अर्धी पळते, अर्धी चालते आणि सगळा वेळ बोलते, त्यामुळे तुमचा नियम आम्ही पुरेपूर पाळतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी चिखलात दोघी पडलो. घरी आलो तर आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहिलं, नाना.

मध्ये ऋतुजाच्या तापामुळं आठवडाभर खंड पडला. पुन्हा सुरू करताना वाटलं, आता काय जमायचं. तुमचं आठवून आधी बूट घातले. मग पाय आपोआप गेले.

आईचं गडावरचं कारण मला कळलंय, माझ्यासाठीच नवस बोललीय. तिला सांगा, मी बरी आहे. तुमच्या मायेची पाखर राहू द्या.

तुमची,
रोहिणी

---

कडा,
ता. २२ ऑक्टोबर २०२४

ती. नाना व सौ. आई यांना,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

कळवायला उशीर झाला, माफ करा. नवरात्रात आत्याबाईंना लकवा मारला. सकाळी चुलीपुढं बसल्या होत्या, तिथंच कलंडल्या. नगरला नेलं. जीव वाचला, पण उजवा हात-पाय गेला आणि जीभ जड झालीय. आता घरी आणलंय.

सकाळ कशी जाते ते कळत नाही. त्यांचं तोंड धुणं, अंग पुसणं, चादर बदलणं, हातापायाला तेल चोळणं, त्यातच ऋतुजाचा डबा. तुमच्या जावयांची साखर कारखान्यात पाळी बदलत असते. गाळपाचा सीझन तोंडावर आलाय, मशिनरीची कामं जोरात चालू आहेत. ते आले की आईजवळ बसतात, कपाळावर हात ठेवतात. पण बायामाणसाचं करणं त्यांना जमत नाही म्हणतात.

त्या दिवसापासून पळणं बंद आहे. मंगल दोन-तीनदा दाराशी येऊन गेली. मीच तिला सांगितलं, तू जा.

तुम्ही काळजी करू नका. आईला म्हणावं, जेवते मी.

तुमची,
रोहिणी

---

पाली,
ता. ३० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रोहिणीस,
भगवानरावाचे अनेक आशीर्वाद.

भिवराबाईंचं वाचून वाईट वाटलं. विहीणबाईंचा आवाज मला ऐकू यायचा, एवढा खणखणीत होता. त्याच आवाजाला असं व्हावं.

तुझ्या सेवेत मी खोट काढणार नाही. करायलाच पाहिजे, आणि तू करतेस. पण तुझी आई म्हणते की पत्रात ‘जेवते’ असं लिहिलंय, ‘भूक लागते’ असं नाही. तिला अक्षरं कमी येतात, पण वाचता लई येतं.

घर सोडता येत नसेल तर गच्चीवर पळ. चार फेऱ्या मार. ते पळणं नसलं तरी मोडलेलंही नसतं. तू म्हणत असशील तर तुझ्या आईला तिकडं पाठवतो, मी माझ्या हातानं भाकरी थापीन.

जावयाला दोन शब्द लिहावेत असं मनात आलं. कागद घेतला आणि परत ठेवला. सासऱ्यानं सांगितलेलं जावयाला टोचतं आणि त्याचा त्रास शेवटी तुलाच होणार. पण मनात आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही.

उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. तेवढं कर.

तुझा,
नाना

---

कडा,
ता. १९ नोव्हेंबर २०२४

ती. नानांना,
शि. सा. न. वि. वि.

गच्चीवर पळून पाहिलं. खाली आत्याबाईंच्या डोक्यावर धपधप वाजायचं. त्यांनी काठी आपटून बोलावलं, काय ते कळलं नाही, पण मी थांबले.

आईला पाठवू नका, तिची कंबर दुखते. झोप पुन्हा गेलीय. माघ जवळ येतोय म्हणून असेल. पळायचा विषय आता नको, नाना. वाचलं की जास्त वाटतं.

तुमची,
रोहिणी

---

कडा,
ता. ८ डिसेंबर २०२४

भगवानराव व्याही यांना अन् सुंदरबाई विहिणीला,
भिवराबाईचा रामराम.

मला लिवता येत न्हाई, अन् आता हात बी गेला. म्हनून माजा लेक प्रविण लिवतोय. माजी जीभ अडखळती, पन त्याला कळती. काय बी गाळलंस तर डावा हात शाबूत हाय, असं त्याला आदीच सांगितलंय.

तुमची पत्रं सून मला वाचून दाखवती. मधलं मधलं गाळती, ते मला कळतं.

पंधरा दिसांमागं टोळ्या निघाल्या. ऊसतोडीची मान्सं ट्रॅक्टरात बसून दारावरून गेली, लेकरं, भांडी, कोंबड्या समदं घेऊन. मी खाटंवरून बघत व्हते. सून माज्या हाताला तेल चोळत व्हती. चोळता चोळता तिच्या डोळ्याचं पानी माज्या हातावर पडलं. मी इचारलं, रडती कावून. म्हनली, काय न्हाई आत्या.

मला ठावं हाय काय ते. प्रविणच्या आदी मला एक पोरगी झालती. आमी ऊस तोडाया गेलतो, तितं फडाजवळच्या झोपडीत, कोपीवरच झाली. एक रात बी राहिली न्हाई. मालकानं बांधाच्या कडंला खड्डा केला. अन् दुसऱ्या दिशी मी मोळ्या उचलल्या. कुनी जबरदस्ती केली न्हाई, पन बसायची रीतच नव्हती. कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. प्रविणला बी न्हाई. आता तो लिवायचा थांबलाय. लिही म्हनलं.

सून पळायला जायची तवा मी दारात बसून तिला बघायची. जाताना पोरीचं तोंड येगळं, येताना येगळं. मनात यायचं, तवा मला बी कुनी सोडलं आसतं तर मी पळाले आसते, नगरपातुर. थांबले नसते.

गच्चीवर ती पळत व्हती तवा मी काठी आपटली. मला म्हनायचं व्हतं, वर नको, भाईर जा. जीभ वळली न्हाई. ती मुकाट बसली. तवापासनं माज्या जिवाला घोर लागला.

म्हनून सोमवारी मी प्रविणला खाटंपाशी बसवलं अन् सांगितलं. सकाळचं माजं समदं तू करायचं. तोंड धुनं, अंग पुसनं, चादर बदलनं, समदं. तुजी पाळी आसंल तवा मंगल येईल, तिला मी इचारलंय. आईचं कराया लेकाला लाज कसली. मी तुजं केलं तवा मला लाज वाटली न्हाई. पैल्या दिशी त्यानं पानी लई गरम केलं अन् मला भाजलं. आता जमतंय. मान खाली घालून लिवतोय, लिवू द्या.

तुमी त्याला बोलला न्हाईत, बरं केलं. माय बोलली की लेकाला टोचत न्हाई.

सून पैल्या दिशी जाईना. म्हनली, तुमाला सोडून कशी जाऊ. मी म्हनलं, “मन मारून राहिले म्हनून माजी पोरगी आली न्हाई, अन् तू घरात बसलीस म्हनून तुजं बाळ बी यायचं न्हाई. जा, पळ.” तवा गेली. लई येळ आली न्हाई. आली तवा रडून डोळे सुजले व्हते, अन् भाकर मागितली.

सुंदरबाईला ह्ये शेवटचं नक्की वाचून दाखवा.

एकदा कड्याला या. तुमाला ऐकू येत न्हाई अन् मला नीट बोलता येत न्हाई, आपलं दोघांचं जमंल. घरच्यावानी समजा अन् परकं धरू नका.

भिवराबाई

ता. क. — नाना, सा. न. आईनं सांगितलं ते सगळं लिहिलं, एकही शब्द गाळला नाही. मला एक बहीण होती हे मला हे पत्र लिहिताना कळलं. आणि आमच्या बाळाबद्दल मी रोहिणीशी आजवर एकदाही बोललो नाही, हेही लिहितानाच कळलं. आत्ता ती पळणं आटोपून आलीय. दारात उभी राहून धापा टाकतेय आणि आई तिला डाव्या हातानं जवळ बोलावतेय. ती खाटेवर आईच्या पायाशी बसली. पत्र इथंच पुरं करतो, मीही जाऊन त्यांच्याजवळ बसतो.

आपला,
प्रविण